मलावीच्या मक्याचा हिशोब

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. लिलाँग्वेला, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावीच्या राजधानीत, जायचं पक्कं झालं हे वाचून बरं वाटलं. पिकाचे अंदाज आणि बाजारभाव गोळा करून ‘यंदा धान्य पुरेल का’ याचं टिपण करायचं, असं काम तू कळवलंस. या ‘पुरेल का’बद्दलच लिहितो.

मलावीत पावसाळा एकच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. एप्रिल-मेपासून मका निघतो आणि डिसेंबर-जानेवारीत गरिबाघरची कणगी रिकामी होते. कृषी खातं हंगामात तीन फेऱ्यांत अंदाज काढतं. शेवटचा आकडा आला की गरजेतून उत्पादन वजा करायचं, तूट किंवा शिल्लक लिहायची आणि मोकळं व्हायचं, अशी सगळ्यांची सवय. ही सवय तू लावून घेऊ नकोस.

२००१ साली मका कमी आला होता. पण कसावा आणि रताळ्यांचे आकडे इतके भरघोस धरले होते, की कागदावर फारसं काही बिघडलेलं दिसेना. राखीव साठा तोवर विकून झाला होता. २००२ च्या सुरुवातीला माणसं भुकेनं मेली. किती, यावर अजून वाद आहेत. जमिनीखालचं पीक कोण कसं मोजतं, हे तिथे गेल्या गेल्या विचारून घे. कसावा लागेल तेव्हा लागेल तेवढाच उपटतात, त्यामुळे त्याचं ‘उत्पादन’ ठरवणं मुळातच अवघड.

उलटा प्रकार २००७ चा. खतं-बियाण्यांच्या अनुदानानंतर सुमारे ३४ लाख टन मक्याचा विक्रम जाहीर झाला, झिम्बाब्वेला निर्यात झाली, जगभर कौतुक झालं. आणि २००८ मध्ये देशातच मक्याचे भाव भडकले. इतका मका होता तर गेला कुठे? अनुदानानं पीक वाढलं हे मी मानतो. ३४ लाखांवर माझा विश्वास नाही. अंदाज एक सांगत असेल आणि बाजार दुसरंच, तर आधी बाजाराचं ऐक.

आता तिथल्या शेतकरी घराचं. दक्षिणेकडे जमिनीचे तुकडे फार लहान, बऱ्याच जणांकडे दोन एकरसुद्धा नाही. मे महिन्यात उधारी आणि शाळेची फी भागवायला हाच शेतकरी थोडा मका पडत्या भावात विकतो, आणि जानेवारीत चढ्या भावानं विकत घेतो. म्हणजे ‘भाव वाढले, शेतकऱ्याचं भलं झालं’ हे वाक्य तिथे सरसकट लागू नाही. जानेवारीत मक्याला पैसे हवेत म्हणून तो दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जातो. अशा रोजंदारीला तिथे ‘गन्यू’ म्हणतात. नेमकी तीच स्वतःच्या शेतातल्या खुरपणीची वेळ. स्वतःचं शेत तणात जातं आणि पुढच्या वर्षीचा मका आणखी कमी येतो. मजुरीचा दर नुसता क्वाचात, म्हणजे तिथल्या चलनात, लिहू नकोस. एका दिवसाच्या कामात किती किलो मका येतो, ते काढ. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, तिथलं रोजचं जेवण. बायकांना विचार, सध्या न्सिमा कशाची करता? एरवी कोंडा जनावरांना जातो. तो माणसांच्या ताटात आला असेल, तर टिपणाला सरकारी आकड्याची वाट पाहायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाला तरी दिसायला हवी. त्याच दक्षिण भागात मक्यात तूर घेतात. तिथे तिला ‘नांदोलो’ म्हणतात. मका काढल्यावरही ती शेतात उभी असते, आणि तिचे पैसे हातात आले की त्यातून मका घेता येतो. या तुरीचं मोठं गिऱ्हाईक आपण. २०१७ मध्ये लातूर-अकोल्याकडे खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या पोत्यांच्या रांगा लागल्या होत्या, आठवतं का? भाव हमीभावाच्या खाली गेले आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात गैर काही नव्हतं. पण मलावी-मोझांबिकमध्ये तुरीचे भाव कोसळले. तिथला मका त्या वर्षी कमी पिकला नव्हता, तरी तूर विकून मका घेणाऱ्या घराला तो महागच पडला. पुढे २०२१ मध्ये मलावीशी पाच वर्षांसाठी दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार झाला. त्याची मुदत आणि दिल्लीचे आयातीचे आदेश यांवर लक्ष ठेव. धान्याच्या ताळेबंदात त्यांना रकाना नसतो.

वादळ आणि दुष्काळ कोणाच्याही नजरेतून सुटत नाहीत. २०२३ चं फ्रेडी चक्रीवादळ असो, की २०२४ चा एल निनोचा दुष्काळ, ज्यात २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. तेव्हा सगळेच धावतात. तुझी गरज लागेल ती साध्यासुध्या वर्षी, जेव्हा देशाचा आकडा ‘शिल्लक’ दाखवतो आणि दक्षिणेतल्या चार-पाच जिल्ह्यांत लोक एक वेळ जेवतात. अशा वेळी टिपणाच्या पहिल्या ओळीत देशाचा आकडा टाकू नकोस. जिल्हा, महिना आणि मक्याचा भाव आधी लिही. वरिष्ठ हा क्रम उलटा करायला सांगतील. तेव्हा देशाचा आकडाही ठेव, पण क्रम सोडू नकोस.

मेमधल्या भावाची वही पहिल्या आठवड्यापासून घाल. जानेवारीत तुलनेला दुसरं काही हाताशी नसतं. आणि पहिलं टिपण पाठवण्याआधी मला दाखव.