वाचक विचारतात : २१ सप्टेंबरचं गाणं

प्रश्न : दरवर्षी २१ सप्टेंबरला 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकी बँडचं 'सप्टेंबर' हे जुनं सोल गाणं रील्सवर उसळतं. हीच तारीख का? मी त्यावर रील केलं, प्रत्येक फोटो १४ फ्रेमचा ठेवला. सुरुवात ठेक्यात होते, पुढे फोटो ठेक्याच्या आधीच बदलू लागतात. चुकतंय कुठे?

उत्तर : तारीख पहिल्याच ओळीत आहे. २१ सप्टेंबरची रात्र आठवते का, असं गायक विचारतो. मॉरिस व्हाइट, अल मॅके आणि अ‍ॅली विलिस यांनी रचलेलं हे गाणं नोव्हेंबर १९७८ मध्ये आलं. विलिस सांगत, की वेगवेगळ्या तारखा म्हणून पाहिल्या, २१ सगळ्यांत छान बसली. ध्रुवपदातल्या 'बा-डी-या'लाही अर्थ नाही. तिथे खरे शब्द घाला म्हणून त्या मागे लागल्या होत्या, व्हाइट बधले नाहीत. बरंच झालं, तेवढं तरी सगळ्यांना गाता येतं! मीम रुजवलं विनोदवीर डेमी अडेजुयिगबे यांनी. २०१६ ते २०२१ दर २१ सप्टेंबरला त्यांनी या गाण्यावर नाचाचा व्हिडिओ टाकला. खरं तर गाणं डिसेंबरात बसून सप्टेंबर आठवणारं आहे, पण मीमला त्याचं काय!

आता तुमचा घोळ. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण १२६ ठोके, म्हणजे एक ठोका ०.४७६ सेकंदाचा. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १४.२९ फ्रेम. तुम्ही वरचे ०.२९ सोडून दिलेत. १६ ठोक्यांत ते साडेचार फ्रेमवर जातं आणि डोळ्याला खटकतं. एक फोटो कापून तोच कॉपी करत जाऊ नका. आधी दर चार ठोक्यांनी या फ्रेमवर खुणा करा : ०, ५७, ११४, १७१, २२९. मग फोटो त्यांत बसवा, कुठे १४ फ्रेम, कुठे १५. ड्रम हाताने वाजवलेले आहेत, वेग किंचित हलतो. म्हणून शेवटी ऑडिओच्या आलेखात ठोक्याचं टोक बघून खूण सरकवा. तपासताना ब्लूटूथ इयरफोन नको, आवाज उशिरा पोहोचतो आणि बरोबर असलेला कटही चुकीचा वाटतो.

रील दुकानाच्या बिझनेस खात्यावरून टाकणार असाल, तर इन्स्टाग्रामच्या यादीत हे गाणं बहुधा सापडणार नाही. बाहेरून जोडलंत तर आवाज बंद होऊ शकतो. जुनं म्हणून ते फुकट झालेलं नाही : आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, म्हणजे याचा २०३८ अखेरपर्यंत.