आरएनए विषाणूला स्वतःची प्रत काढता येते ती कशी?

तुमचा प्रश्न असा: विषाणू सगळं आपल्याच पेशीकडून करून घेतो, तर डीएनए नसताना आरएनएवाला विषाणू वाढतो कसा? प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण नेमकी इथेच पेशी कमी पडते. ती डीएनएवरून आरएनए बनवते. आख्ख्या आरएनएवरून दुसरा आरएनए उतरवून घेणारं पॉलिमरेज, म्हणजे साखळी जोडत नेणारं एन्झाइम, आपल्या पेशींत नसतं. ते विषाणूलाच बघावं लागतं.

पोलिओचंच घ्या. त्याचा आरएनए साधारण साडेसात हजार न्यूक्लिओटाइड्सचा (ही आरएनएच्या साखळीतली 'अक्षरं'), आणि रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, थेट वाचता येईल असा, म्हणजे 'धन' जातीचा. रायबोसोम तो वाचून सुमारे २,२०० अमिनो आम्लांचं एकच सलग प्रथिन बनवतात. त्या प्रथिनातलेच काही भाग उरलेल्याचे तुकडे पाडतात. एका तुकड्याचं काम पेशीच्या स्वतःच्या प्रथिननिर्मितीची नाडी तोडणं. दुसरा तुकडा म्हणजे ते पॉलिमरेज.

आता खरी गंमत. रायबोसोम धाग्याच्या एका टोकाकडून चालत येतात, पॉलिमरेज दुसऱ्या टोकाकडून. दोघं एकाच धाग्यावर आले तर टक्कर ठरलेली. म्हणून त्या धाग्यावरचं वाचन आधी थांबावं लागतं, मगच प्रत काढायला सुरुवात होते. इतक्या छोट्या जीनोममध्ये ही शिस्त बसवलेली आहे, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. आधी उलटा, 'ऋण' धागा निघतो आणि त्याच्यावरून पुन्हा धन धागे. ऋण मोजके, धन त्यांच्या कित्येक पट. हे सगळं पेशीतल्या पटलांच्या बारीक पुटकुळ्यांवर चालतं. सहा ते आठ तासांत पेशी संपते आणि हजारो नवे विषाणू बाहेर पडतात.

रेबीजचं उलट. त्याचा आरएनए मुळातच ऋण, रायबोसोमला निरुपयोगी. म्हणून तो तयार पॉलिमरेज कणाच्या आतच घालून आणतो. डेव्हिड बाल्टिमोर आणि ॲलिस हुआंग यांच्या गटाने १९७० साली रेबीजच्याच कुळातल्या, गुरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या विषाणूत हे दाखवून दिलं. त्यामुळे पोलिओचा नुसता शुद्ध आरएनए पेशीत सोडला तरी विषाणू तयार होतात. रेबीजचा नुसता आरएनए सोडला तर काहीच होत नाही.

एचआयव्हीला यात धरू नका, तो आरएनएवरून डीएनए बनवून आपल्या गुणसूत्रात घुसवतो.

ही बहुतेक पॉलिमरेज चुका तपासत नाहीत. साधारण दहा हजार न्यूक्लिओटाइड्समागे एक चूक होते, म्हणजे पोलिओच्या बहुतेक प्रतींत एखादा तरी बदल असतोच. आणि आपल्याकडे हे एन्झाइम नाही म्हणूनच ते औषधाचं उत्तम लक्ष्य ठरतं. हिपॅटायटिस सी वरचं सोफोसबुविर त्याला खोटं न्यूक्लिओटाइड देतं. ते जोडलं गेलं की साखळी तिथेच थांबते. अशा गोळ्यांच्या जोडीने आज बहुतेक रुग्ण तीनेक महिन्यांत पूर्ण बरे होतात.