चिपरच्या दांड्याला बांधलेली तार आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. सात वर्षांपासून झाडं छाटण्याचा आणि उतरवण्याचा धंदा आहे. फायनान्सवर घेतलेला एक हायड्रा (क्रेन), मागे जोडून न्यायचं डिझेलचं चिपर (फांद्यांचा चुरा करायचं मशीन), चार चेन सॉ आणि सहा पोरं. २०२५ च्या दिवाळीआधी आठवडाभर त्रिमूर्तीनगरच्या एका सोसायटीत कडुनिंबाच्या फांद्या उतरवत होतो. चिपरमध्ये फांद्या टाकणाऱ्या पोराचा हात आत ओढला गेला. वय ३०, भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीकडचा, रोज ६०० रुपये. उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा वाचला. दवाखान्याचे एक लाख दहा हजार मीच भरले. मशीन थांबवायचा दांडा तारेनं बांधलेला होता. ती तार त्या पोरानंच बांधली, असं ऑपरेटर म्हणतो. आता त्याचा भाऊ दीड लाखावर राजी झाला आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं तर विषय संपेल ना? हायड्राची पॉलिसी आहे, तिच्यात हे बसेल का? काम सोसायटीचं होतं, तिच्यावर काहीच येत नाही का? मेहुणा म्हणतो, हायड्रा त्याच्या नावावर करून ठेव.

उत्तर : भाऊ, तो कागद करू नका. केला असेल तर त्याच्यावर विसंबून राहू नका.

तुमचा अपघात ऑक्टोबर २०२५ मधला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि यापुढच्या अपघातांना ती लागेल. तुमचं प्रकरण मात्र जुन्या, म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ याच कायद्याखाली येतं. त्याचं कलम १७ सांगतं की कामगारानं भरपाईचा हक्क सोडण्याचा किंवा कमी करून घेण्याचा करार केला, तरी तो तेवढ्यापुरता रद्दच. पाचशेचा स्टॅम्प लावा, नोटरी करा, गावच्या चार लोकांच्या सह्या घ्या, काही फरक पडत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कलम २८ आणि २९ मध्ये आहे, आणि ती धंदेवाल्या माणसाला बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. एकरकमी भरपाईची तडजोड झाली, तर तिचं निवेदन नुकसानभरपाई आयुक्तांकडे पाठवून नोंदवून घ्यावं लागतं. आपल्याकडे हे काम कामगार न्यायालयात चालतं. रक्कम अपुरी वाटली किंवा दबावानं सही घेतल्याचं दिसलं, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. आणि निवेदन पाठवलंच नाही, तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, वर आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजावट मिळत नाही. आयुक्तांनी वेगळा आदेश दिला तर गोष्ट निराळी. म्हणजे आज भावाच्या हातात दीड लाख ठेवले, तर उद्या कोर्टात तुमच्या खात्यावर पंच्याहत्तर हजारच धरले जाण्याची भीती आहे. मालकाचे पैसे असे वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि ते मालक लबाड नव्हते. ‘आपसात मिटलं’ एवढंच त्यांना हवं होतं.

आता हिशेब करू. रोज ६०० प्रमाणे २६ दिवसांचे १५,६०० होतात, पण या कायद्याखाली महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले वयाचा गुणांक. तिसाव्या वर्षाचा गुणांक २०७.९८ आहे. गुणाकार येतो १८,७१,८२०. एका हाताची चारही बोटं गेली, तर पहिल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेचं नुकसान ५० टक्के धरलेलं आहे. म्हणून त्याची भरपाई ९,३५,९१० रुपये. तुमच्या दीड लाखाच्या सहापट.

हा आकडा वरही जाऊ शकतो. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व, पण एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये ते पूर्ण अपंगत्व मानलं. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा तो निकाल. तुमचा पोरगा उजव्या हातानं दोर धरायचा, चेन सॉ चालवायचा, फांदी ओढायचा. त्याच्या वकिलानं हा निकाल पुढे केला, तर तुमचा वकील काय उत्तर देणार, याचा विचार आजच करून ठेवा. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. महिना उलटला की १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. तुमचा महिना कधीच उलटला. नऊ लाख पस्तीस हजारांवर व्याजच महिन्याला नऊ हजारांच्या वर जातं.

दवाखान्याचे एक लाख दहा हजार यातून वजा होतील का, असं तुमच्या मनात येईल. होणार नाहीत. २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा आहे आणि तो भरपाईहून वेगळा आहे. तरी बिलं नीट जपून ठेवा. जखमी माणसाला टाकून न जाता तुम्ही हे पैसे भरले, हे मला महत्त्वाचं वाटतं, आणि दंडाचा विचार होईल तेव्हा कोर्टापुढेही ते ठेवता येईल.

आता तारेबद्दल, कारण तुमचा सगळा भरवसा तिच्यावर आहे. कायद्यात मालकाला सुटका आहे, पण तीन वाटांनीच : कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं वा डावललं, आणि त्यामुळेच अपघात झाला. हे सिद्ध मालकानं करायचं असतं. आणि जखमेमुळे मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर या तिन्ही वाटा बंद. म्हणजे सुताराचा निकाल तुम्हाला लागू झाला, तर तारेचा मुद्दा तिथेच संपला.

समजा नाही लागू झाला. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. सळया बांधायची बाइंडिंग तार आहे, दांड्याला तीन वेढे देऊन हॉपरच्या, म्हणजे फांद्या घालायच्या तोंडाच्या, कडेला पिळलेली. पिळाच्या टोकाला गंज आहे, आणि वेढ्यांखाली दांड्याचा पिवळा रंग घासून लोखंड दिसतं आहे. ही तार त्या दिवशी सकाळी बांधलेली नाही, भाऊ. रंग घासायला कित्येक दिवसांचं काम लागतं. पानांची गच्च कडुनिंबाची फांदी आत घातली की दांड्याला धक्का बसतो, रोलर थांबतो, पुन्हा चालू करा, पुन्हा थांबतो. ट्रिपांवर पैसे मिळतात, म्हणून कोणीतरी तार बांधतं आणि मालक रोज त्याच मशीनजवळ उभा असतो. रोलरनं फांदी धरली की बोट सोडवायला क्षणही मिळत नाही, म्हणूनच तो दांडा कंबरेच्या उंचीवर दिलेला असतो : हात अडकला तरी अंगानं ढकलून मशीन थांबवता यावं. समोरचा वकील ऑपरेटरला एवढंच विचारेल, ‘तार किती दिवसांपासून होती, आणि मालकांनी ती कधी सोडायला लावली का?’ त्याचं खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे. त्या पोरावर खापर फोडायची भूमिका घेऊ नका. ती टिकणार नाही, आणि ती खरीही नाही.

तार काढून टाकण्याचा, मशीन रंगवण्याचा किंवा ‘दुरुस्तीला’ पाठवण्याचा सल्ला कोणी दिला, तर मुळीच ऐकू नका. दवाखान्यात पोलिसांची नोंद झालेली असते. हाड तुटणं ही भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापत आहे. कलम १२५ (ब) लागलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्राबाबत निष्काळजीपणाचं कलम २८९ लागलं तर सहा महिने किंवा पाच हजार किंवा दोन्ही. दोन्ही जामीनपात्र आहेत, बोलावलं तर घाबरून पळू नका. पुरावा नष्ट करणं मात्र वेगळा गुन्हा आहे. पंचनामा झाला नसेल तर चिपर आहे तसं ताडपत्रीखाली ठेवा आणि तोवर चालवू नका. भरपाई दिली म्हणून पोलीस केस आपोआप मिटत नाही, हेही लक्षात असू द्या.

हायड्राची पॉलिसी हायड्रापुरती आहे. अपघात चिपरवर झाला, पोरगा हायड्रावर नव्हता. पॉलिसीची सगळी पानं आणा, कर्मचाऱ्यांसाठी जादा हप्ता भरला असेल तर पाहू, पण मी आशा दाखवणार नाही. उरलेल्या पाच पोरांसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी मात्र याच आठवड्यात काढा, आणि तिच्यात झाडावर चढणं, चेन सॉ, चिपर, हायड्रा ही कामं शब्दांत लिहून घ्या. ‘बागकाम’ एवढंच लिहिलेल्या पॉलिसीवर पुढे भांडण होतं.

सोसायटीवर भार टाकता येईल असं मला दिसत नाही. भरपाई कायद्याच्या कलम १२ खाली काम देणारा जबाबदार ठरतो, पण ते काम त्याच्या धंद्याचा भाग असावं लागतं. झाडं छाटणं हा सोसायटीचा धंदा नाही, तुमचा आहे. सोसायटीकडून एक गोष्ट मात्र लगेच मागा : महापालिकेच्या उद्यान विभागाच्या परवानगीची प्रत. सेक्रेटरीनं ‘परवानगी आहे’ असं तोंडी सांगितलं, यावर तुम्ही चेन सॉ चालू करता. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणतीही इजा करणं येतं, प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो आणि तोडणाराही त्यात येतो. यापुढे परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय, आणि त्यात लिहिलेली झाडं जागेवर मोजल्याशिवाय, हायड्रा गेटच्या आत नेऊ नका.

मेहुण्याचा सल्ला सगळ्यात घातक. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. देणं चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्टात टिकत नाही, आणि फायनान्स कंपनीच्या संमतीशिवाय हायड्रा कोणाच्या नावावर होतही नाही. विकायचाच असेल तर कंपनीची ना हरकत घेऊन, बाजारभावानं, बँकेतून पैसे घेऊन विका आणि ते पैसे याच देण्याला लावा.

नऊ लाख एकदम नाहीत, हे मला कळतं. त्याच भरपाई कायद्याच्या कलम ४अ खाली जेवढी जबाबदारी तुम्हाला मान्य आहे, तेवढी रक्कम आत्ताच देणं बंधनकारक आहे. ती कामगार न्यायालयात जमा करा म्हणजे तिची पक्की नोंद राहील. ठरलेला दीड लाख तिथूनच सुरू होऊ द्या. उरलेल्या रकमेचं वेळापत्रक त्याच्या वकिलाशी बसून ठरवू आणि न्यायालयापुढे ठेवू. त्याला दावा लावायला दोन वर्षं आहेत आणि तो भंडाऱ्यातही लावू शकतो, त्यामुळे ‘गावी गेला की विसरेल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

भावाला आज फोन करा. सांगा की स्टॅम्प पेपर होणार नाही, पैसे कोर्टातून मिळतील आणि त्यांनी स्वतःचा वकील घेऊन यावं. मग माझ्याकडे येताना हजेरीची वही, पगार दिल्याचे फोनवरचे व्यवहार, दवाखान्याची सगळी बिलं आणि चिपरसोबत आलेलं मॅन्युअल घेऊन या.