चित्रकला येत नाही, एक्सेल येतं. इन्फोग्राफिक घरी बसून शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, ठाण्यात अकाउंट्सची नोकरी आहे, एक्सेल बरं येतं पण चित्रकलेच्या नावाने शंख. तर इन्फोग्राफिक आणि डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकडे आणि माहिती चित्रातून मांडणं, घरच्या घरी सराव करून जमेल, की क्लास लावावाच लागेल?

जमेल. मीही कॉमर्सचीच. कोपरखैरण्यात राहते आणि नोकरीला तुमच्याच ठाण्यात येते. चित्रकलेची काळजी सोडा, मी काढलेल्या मांजराला माझी मुलगी अजून उंदीर म्हणते.

माझी सुरुवात फजितीने झाली. सोसायटीची खजिनदार म्हणून वार्षिक सभेत मी खर्चाचा पाय चार्ट, म्हणजे तुकडे पाडलेलं वर्तुळ, लावला होता. थ्रीडी, सोळा रंगांचे सोळा तुकडे, वर सावलीसुद्धा. तळमजल्यावरच्या काकूंनी चष्मा वर-खाली करून तो पाहिला आणि म्हणाल्या, "छान केलंयस गं, पण मेंटेनन्स वाढला कशामुळे?" माझ्या चित्रात याचं उत्तर कुठेच नव्हतं. पाय चार्ट एका वर्षातला वाटा दाखवतो, वाढ नाही. रात्री मुलीच्या वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. डावीकडे गेलं वर्ष, उजवीकडे हे वर्ष, आणि प्रत्येक खर्चाचे दोन ठिपके जोडले. बहुतेक रेघा जवळपास आडव्या, लिफ्टची तेवढी तरातरा वर चढलेली. ती लाल केली, बाकी सगळ्या राखाडी. काकूंना बघताक्षणी कळलं. नंतर लिफ्टच्या कंत्राटावरून जे रामायण झालं ते इथे नको.

त्या सोळा तुकड्यांत माझं काय चुकलं हे पुढे वाचनात आलं. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी माणसाचा डोळा आलेखातलं काय अचूक वाचतो यावर प्रयोग केले होते. एकाच पट्टीवरच्या ठिपक्यांची जागा आपल्याला चांगली कळते, कोन आणि क्षेत्रफळ यांत मात्र आपण फसतो. पाय चार्टमध्ये नेमकं तेच वाचायचं असतं, आणि थ्रीडी केला की कोनही वाकडे होतात.

सरावाला आकडे घरचेच घ्या, नाहीतर आपल्या जिल्ह्याचे. जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ला सुमारे ५२ लाख, २००१ ला ८१ लाख, २०११ ला १ कोटी १० लाख. तीनच आकडे, पण त्यात खड्डे भरपूर आहेत. स्तंभ शून्याऐवजी ५० लाखांपासून काढून बघा: १९९१ चा स्तंभ चिमटीएवढा होतो आणि २०११ चा त्याच्या वीसपटीहून उंच. खरी वाढ दुपटीहून जराशी जास्त आहे. मग स्तंभांऐवजी माणसाचं चित्र घ्या आणि ते दुप्पट उंच करा. रुंदीही दुप्पट होते, म्हणजे कागदावर चौपट जागा खाते आणि बघणाऱ्याला वाढ चौपट वाटते. ऑटो नॉयराथ या ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात व्हिएन्नात यावर साधी तोड काढली होती: माणूस मोठा करायचा नाही, माणसं वाढवायची. एक बाहुली म्हणजे १० लाख धरलं तर आपल्या जिल्ह्याच्या ५, ८ आणि ११ बाहुल्या. रबरी शिक्का मारला तरी चालतो, चित्रकला लागलीच कुठे?

आता चौथा आकडा जोडायला गेलात की खरी गंमत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्यानंतरचा ठाणे जिल्ह्याचा कुठलाही आकडा त्याच रेघेला जोडला, तर माणसं जिल्हा सोडून पळाली असं दिसेल. रेघ तिथे तोडायची आणि शेजारी बारीक अक्षरात कारण लिहायचं. अशी तळटीप आठवणं हे या कामातलं निम्मं काम आहे, आणि हिशेबात मुरलेल्या माणसाला ते चित्रकाराहून लवकर सुचतं.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. एक्सेल आहेच, डेटारॅपर आणि रॉग्राफ्स ही आलेख काढायची साधनं ब्राउझरमध्ये फुकट चालतात. मराठीत करणार असाल तर दोन गोष्टी मात्र बघा. ओळींमध्ये जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. 'मुक्त' किंवा 'बालू' नावाचा फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत. आणि नावं लांब असतील तर स्तंभ आडवे काढा. "कोपरखैरणे" उभ्या स्तंभाखाली तिरकं लिहिलं की मान मोडते.

क्लासला माझा विरोध नाही, पण पहिले सहा महिने तरी पैसे भरू नका. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाचा सहभाग असलेलं डीसोर्स हे डिझाइन शिकवणारं संकेतस्थळ फुकट आहे, तेवढं चाळा.

माझा आवडता सराव शेवटी सांगते, कारण त्याला एक अख्खा रविवार जातो. १९ व्या शतकात एत्येन-ज्युल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिस-ल्याँ मार्गाचं अख्खं वेळापत्रक एका चित्रात छापलं होतं. आडवी वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातही गाड्या अशाच मांडतात. ग्राफपेपर घेऊन ठाण्याहून सकाळी आठ ते दहा सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकल गाड्या अशा काढा. स्टेशनांत सारखं अंतर ठेवू नका, खऱ्या अंतराच्या प्रमाणात ठेवा. जुना तक्ता हाताशी असेल तर त्यात दिघा गाव स्टेशन नसेल, ते जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात, म्हणून रेघा समांतर येतात आणि नजर आपोआप त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांवर जाते. ती जागा म्हणजे फलाटावरचं ताटकळणं. तुर्भ्यानंतर वाशीच्या आणि पनवेलच्या रेघा फुटतात, तिथे दोन रंग लागतात. हे जमलं की ठाणे-सीएसएमटी घ्या. स्लोला साधारण तास, फास्टला चाळीसेक मिनिटं, त्यामुळे फास्टची रेघ जास्त उभी येते आणि आधी सुटलेल्या स्लोला मध्येच छेदून जाते. ती फुली म्हणजे बाजूच्या रुळावरून आपल्याला मागे टाकणारी गाडी. आकड्यांच्या तक्त्यात ती सापडायला पुष्कळ शोधावं लागतं.

माझा ट्रान्स-हार्बरचा कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलाय. सासूबाईंनी परवा पोळ्या लाटता लाटता तो वाचला, बरोबर वाचला, आणि विचारलं, "यातली कुठली रिकामी येते?" ते मी काढलंच नव्हतं. सध्या रोज सकाळी कोपरखैरण्याच्या फलाटावर उभी राहून लेडीज डब्यात उभ्या असलेल्या बायका मोजतेय. चारच दिवस झालेत, त्यात एकदा मोजण्याच्या नादात माझीच गाडी सुटली.