सीसीएनएला (सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटच्या परीक्षेला) किती महिने धरायचे?

भावा, तीन महिने का सहा महिने हे आधी डोक्यातनं काढ. तू कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट करून रात्री दमून घरी येणार, तुला रोज दीड तास मिळाला तरी लई झालं, त्या हिशोबानं पाच-सहा महिने धर आणि कुणी दोन महिन्यात केलं म्हणून टेन्शन घेऊ नको, तो आधीपासनं नेटवर्किंगच्या कामात असतोय बहुतेक.

खरा वेळ सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं) आणि राउटिंग (एका नेटवर्कातनं दुसऱ्यात डेटाची वाट ठरवणं) खातंय. पेपरात २५ टक्के वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंगलाच आहे, ऑटोमेशनला (प्रोग्रॅमनं नेटवर्क चालवायला) १० टक्के, पण पोरं व्हिडिओ बघत ऑटोमेशनमध्येच अडकून बसतात. सबनेटिंग कागदावर कर. १९२.१६८.१०.७७/२६ असा आयपी पत्ता दिसला की शेवटच्या आकड्यात ६४ चे ब्लॉक, म्हणजे नेटवर्कचा पत्ता ६४, ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम पाठवायचा) १२७, मधले ६२ होस्ट (मशीनला देता येणारे पत्ते), हे पेन न उचलता यायला पाहिजे, कारण १२० मिनिटांच्या पेपरात कॅल्क्युलेटर मिळत नाही. एवढं हातात बसायलाच तीन-चार आठवडे जातात, जाऊ देत.

लॅबला पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभं करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, जुना राउटर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नको. व्हीलॅन (VLAN, एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन एका केबलवरनं नेणं), ओएसपीएफ (राउटरनं वाट शोधायची पद्धत) स्वतः टाईप करून कर, मग मुद्दाम मोड आणि शोध कुठं बिघडलंय ते. नुसते व्हिडिओ बघितले की सगळं कळल्यासारखं वाटतं, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची कमांड) फेल झालं की मग कळतंय.

आणि सगळा अभ्यास संपायच्या आधीच तारीख बुक कर मर्दा, पण सबनेटिंग जमल्यावर. सर्टिफिकेट तीन वर्षच चालतं, त्यामुळं नोकरी शोधायच्या बेतानं दे.