अमेरिकेत राहतो, कॅथलिक आहे. नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या सेवाभावी संस्थेचा सदस्य कसा होऊ?

वय किमान 18 आणि धर्म मनापासून पाळणारा कॅथलिक पुरुष, एवढीच अट. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण माझं ऐका, रविवारी मिस्सा संपल्यावर तुमच्या पॅरिशमधल्या (स्थानिक चर्चमधल्या) कौन्सिलच्या, म्हणजे संस्थेच्या शाखेच्या माणसांना भेटा. खरं काम तिथंच चालतं. गरजूंना अन्न, मुलांना थंडीचे कोट वगैरे. प्रवेशविधीत परोपकार, ऐक्य आणि बंधुता ही तत्त्वं समजावून देतात. पूर्वी तो गुप्त असे, 2020 पासून घरच्यांनाही पाहता येतो.

संस्थेचा विमाही आहे, तो घेण्याची सक्ती नाही. पण संस्थेचं मूळ त्यातच आहे. फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी 1882 साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ती काढली, कारण कर्ता पुरुष गेला की स्थलांतरित कॅथलिक कुटुंबं उघड्यावर पडत. जरूर सामील व्हा.