पाचपैकी किती? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘अलीकडे पाहिलेला चित्रपट आणि त्याला तुमचे गुण’ कळवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. गुण आलेच, पण ते कसे द्यायचे आणि दुसऱ्यांनी दिलेले कसे वाचायचे, याचे प्रश्न जास्त आले. त्यातले काही निवडून इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही नऊजण महिन्यातून एक चित्रपट एकत्र बघतो आणि बाहेर आल्यावर दहापैकी गुण देतो. वर्षभराची वही चाळली तर जवळजवळ सगळेच चित्रपट ७ ते ८ मध्ये. मग वही ठेवून उपयोग काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोष तुमच्या आवडीचा नाही, पट्टीचा आहे. ३५ म्हणजे काठावर पास आणि ६० म्हणजे फर्स्ट क्लास, हे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. त्यामुळे दहापैकी ५ दिले की दिग्दर्शकाला नापास केल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप ७ वर जातो. खालची पाच घरं रिकामीच राहतात आणि वरच्या दोन-तीन घरांत सगळी दाटी.

पाच स्टारची पट्टी घ्या आणि प्रत्येक पायरीचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अर्थ भावनेचा नको, कृतीचा हवा. ५ म्हणजे पुन्हा स्वतःच्या पैशाने तिकीट काढेन. ४ म्हणजे कुणी न विचारताही चार जणांना सांगेन. ३ म्हणजे विचारलं तर ‘बघ’ म्हणेन. २ म्हणजे घरी टीव्हीवर लागला तर बघेन, तिकिटाचे पैसे घालणार नाही. १ म्हणजे मध्यंतरातच निघावंसं वाटलं. तळ्यात-मळ्यात असेल तेव्हाच अर्धा स्टार द्यायचा. शिवाय नऊही जणांनी पाहिलेले तीन जुने चित्रपट ठरवा, एक पाचचा, एक तीनचा, एक एकचा, आणि वर्षभर ते बदलू नका. अडलात की विचारायचं, ‘आपल्या तीनवाल्यापेक्षा हा बरा की वाईट?’

दुसरी गडबड होते ती बाहेर आल्यावर. चहाच्या टपरीवर जो पहिला आणि मोठ्याने बोलतो, त्याच्या आकड्याच्या आसपास बाकीचे आठ घुटमळतात. म्हणून शेवटची श्रेयनामावली चालू असतानाच, खुर्चीतून उठण्याआधी, प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहून घडी घालायची. चर्चा नंतर मनसोक्त करा, चिठ्ठी मात्र बदलायची नाही.

आता बेरीज. समजा एका चित्रपटाला नऊ चिठ्ठ्या आल्या : ४, ४, ४, ४, ४, ४, ३.५, ३.५, १. दुसऱ्याला आल्या : ५, ५, ५, ५, ४, २, २, २, २. दोन्हींची बेरीज ३२, सरासरी ३.५६. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक काढला, तर तोही दोन्हीकडे ४. पण पहिला चित्रपट आठ जणांना आवडला आणि एकाचं त्याच्याशी जमलं नाही. दुसऱ्याने मात्र तुमच्यात सरळ दोन तट पाडले. वहीत नुसतं ‘३.५६’ लिहिलं तर वर्षभराने हा फरक कुणालाच कळणार नाही. म्हणून सरासरीशेजारी सगळ्या नऊ चिठ्ठ्यांचे आकडे उतरवा. एका ओळीत मावतात.

प्रश्न : एका इंग्रजी चित्रपटाला रॉटन टोमॅटोजवर ९२ टक्के आहेत, पण आयएमडीबीवर फक्त ७.१. मी ९२ बघून गेले आणि चित्रपट बेताचाच निघाला. खरं कोणाचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. रॉटन टोमॅटोज ही समीक्षा गोळा करणारी साइट आणि टोमॅटोमीटर ही तिच्यावरची समीक्षकांची टक्केवारी. तिथले ९२ हे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. शंभरातल्या ९२ समीक्षकांनी चित्रपटाला अनुकूल कौल दिला, एवढाच त्याचा अर्थ. ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणणारा आणि ‘दशकातला सर्वोत्तम’ म्हणणारा, दोघेही तिथे एक-एकच मोजले जातात. ६० टक्क्यांपासून पुढे लाल टोमॅटो, त्याखाली हिरवा शिंतोडा. कुणाला फारसा न खटकणारा, नीटनेटका, बेतशीर चित्रपट ९० पार जातो तो यामुळेच. आणि अर्ध्या लोकांना वेड लावणारा व अर्ध्यांना चीड आणणारा चित्रपट ५५ वर अडकतो. प्रेक्षकांच्या टक्केवारीतही तोच खेळ आहे : पाचपैकी साडेतीन किंवा जास्त दिले की मत अनुकूल धरलं जातं.

आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या साइटवर दिसते ती प्रेक्षकांच्या १ ते १० मधल्या मतांची भारित सरासरी. सगळ्या मतांना सारखं वजन नसतं आणि ते वजन कसं ठरतं हे ती साइट उघड करत नाही. मेटाक्रिटिक या समीक्षा गोळा करणाऱ्या दुसऱ्या साइटची पद्धत आणखी तिसरी : समीक्षकांनी दिलेल्या गुणांचं शंभरात रूपांतर करून, काहींना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी. ‘किती आवडला’ हे हवं असेल तर ती जास्त कामाची.

तुम्ही करायचं एवढंच की टोमॅटोमीटरच्या टक्क्यावर बोट ठेवून आतली ‘सरासरी गुण’ ही ओळ उघडायची. ९२ टक्के आणि सरासरी दहापैकी ६.८ म्हणजे तुम्ही पाहिला तसाच चित्रपट. ९२ टक्के आणि ८.५ म्हणजे गोष्ट वेगळी. मराठी चित्रपटांसाठी मात्र या टक्केवारीकडे फार बघू नका. तिथे समीक्षा मोजक्याच नोंदलेल्या असतात, आणि दहाच समीक्षा असतील तर एका माणसाचं मत फिरलं की दहा टक्के हलतात.

प्रश्न : नवा मराठी चित्रपट शुक्रवारी दुपारी प्रेक्षकांच्या ऑनलाइन गुणांत दहापैकी ९.६ असतो आणि पुढच्या बुधवारपर्यंत साडेसातवर येतो. सुरुवातीची मतं विकत घेतलेली असतात का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : कधी असतातही, पण ९.६ साठी विकत घ्यायची गरज पडत नाही. पहिल्या खेळाला कोण येतं? कलाकारांचे चाहते, युनिटमधली माणसं, त्यांचे नातेवाईक, दिग्दर्शकाच्या गावचं मित्रमंडळ. तेच फोन काढून १० दाबतात, आणि मनापासून दाबतात. त्रयस्थ प्रेक्षक येतो शनिवार-रविवारी, मत नोंदवतो सोमवारनंतर.

थोड्या मतांवरचा मोठा आकडा कसा वाचायचा, याची एक जुनी रीत आहे. प्रत्येक चित्रपटाला आपल्याकडून काही ‘सर्वसाधारण’ मतं उधार द्यायची. समजा ६.५ ची ५०० मतं. एका चित्रपटाला ४० मतं आणि सरासरी ९.४ : ४० गुणिले ९.४ म्हणजे ३७६, त्यात ५०० गुणिले ६.५ म्हणजे ३२५० मिळवा, एकूण ३६२६. भागिले ५४० म्हणजे ६.७. दुसऱ्याला १२,००० मतं आणि सरासरी ७.९ : त्याच रीतीने ७.८४. म्हणजे चाळीस मतांचा ९.४ जवळजवळ विरघळला आणि बारा हजारांचा ७.९ जागचा हलला नाही. आयएमडीबीची ‘टॉप २५०’ यादी लावण्याचं जे सूत्र जाहीर झालं होतं, ते याच जातीचं.

विकतची मतं ओळखायची तर सरासरी सोडा आणि १ ते १० पैकी कोणता आकडा किती जणांनी दिला ते दाखवणारे उभे किंवा आडवे खांब बघा. साध्या, खऱ्या मतांची टेकडी होते : ७ किंवा ८ वर माथा, दोन्हीकडे उतार. १० चा एक उंच मनोरा आणि १ चा दुसरा, मध्ये सपाट माळरान, असं दिसलं की मोहीम चालू आहे समजा. चढवण्याची, पाडण्याची किंवा दोन्ही. खऱ्याखुऱ्या वादग्रस्त चित्रपटालाही दोन माथे असतात, पण तिथे ३, ४, ५ देणारेही सापडतात. मग लिहिलेली मतं वाचा. ‘जबरदस्त, सहकुटुंब नक्की बघा, अंगावर काटा’ असं दहा जणांनी त्याच शब्दांत लिहिलंय, एकानेही एकाही प्रसंगाचं नाव घेतलेलं नाही आणि त्या खात्यांवर दुसऱ्या कुठल्या चित्रपटाचं मत नाही, तर ती दहा मतं सोडून द्या. घाई नसेल तर दुसऱ्या सोमवारी बघा. तोवर चित्रपट थिएटरात टिकला असेल का, हा मराठीपुरता वेगळाच प्रश्न. म्हणून आमचा सल्ला असा की ज्याची आवड तुम्हाला माहीत आहे अशा एका माणसाला विचारून पहिल्याच रविवारी जा.

प्रश्न : ‘यूए १६+’ म्हणजे चित्रपटाला काय दर्जा मिळाला?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दर्जाचा संबंध नाही. ते सेन्सॉरचं, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, वयानुसार प्रमाणपत्र. पूर्वी ‘यूए’ एकच होतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ‘यूए’ मध्ये त्या वयाखालच्या मुलांना न्यायचं की नाही, हे पालकांनी ठरवायचं. ‘ए’ ला मात्र अठराखालच्यांना प्रवेशच नाही.

प्रश्न : मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चित्रपटांबद्दल लिहिते. गोष्ट न फोडता आणि तेच तेच शब्द न वापरता कसं लिहावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गोष्टीबद्दल साधी हद्द ठेवा : चित्रपटाचा पहिला चतुर्थांश. दोन तासांचा असेल तर पहिल्या अर्ध्या तासात जे घडतं तेवढं सांगायचं, पुढचं नाही. ‘शेवट धक्कादायक आहे’ हेही सांगू नका. एवढं कळलं की बघणारा सुरुवातीपासून धक्क्याची वाट बघत बसतो.

तेच तेच शब्द येतात, कारण निकाल लिहिला जातो आणि पुरावा राहून जातो. नेहमीचा नमुना असा : ‘कथा छान, अभिनय उत्तम, छायाचित्रण सुंदर, उत्तरार्ध थोडा संथ. साडेतीन स्टार.’ हे कुठल्याही चित्रपटाखाली चिकटवता येईल. आता एका काल्पनिक चित्रपटाबद्दल असं बघा : ‘मध्यंतरानंतर कोर्टाचे तीन प्रसंग पाठोपाठ येतात आणि तिन्हींत मिळून नवी माहिती एकच मिळते; तिथे पंधरा मिनिटं चित्रपट रुतून बसतो. पण मुलगा घर सोडून निघालाय आणि आई भाकरी थापतेय, तव्यावरची करपली तरी ती वळून बघत नाही, हा प्रसंग त्या अभिनेत्रीने एक शब्द न बोलता पेललाय. तीन स्टार, त्यातला एक तिचा.’ चार ओळीच जास्त लागल्या, पण वाचणाऱ्याला स्वतःचं ठरवता येतं.

श्रेय आणि दोष योग्य पत्त्यावर जातोय ना, तेही बघा. पावसाळ्यातला कोकण हिरवागार दिसला ही छायाचित्रकाराची करामत नव्हे, कोकण तसाच दिसतो. अंधाऱ्या माजघरात एका खिडकीच्या उजेडात चेहरा नीट दिसला, तर ती त्याची. ‘संथ’ म्हणताना विचारा : प्रसंग लांबला की प्रसंगच नको होता? लांबला तर संकलन, नको होता तर बहुधा पटकथा. आणि स्टार शेवटी लिहा. आधी लिहिले की पुढचं कुणी वाचत नाही.

प्रश्न : खूप वाखाणलेला चित्रपट घरच्या नव्या टीव्हीवर पाहिला. तो मालिकेसारखा दिसत होता, संवाद पुटपुटल्यासारखे आणि गाणं लागलं की कानठळ्या. मी २ स्टार दिले. चुकले का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते २ स्टार बहुधा टीव्हीचे आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतात आणि पडद्यावर मालिकेचा सेट अवतरतो. सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात जा आणि ही सोय बंद करा. कंपनीगणिक तिला ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’, ‘ऑटो मोशन प्लस’ अशी नावं आहेत. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की बाकीची लुडबुडही थांबते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर झूम करू नका. रुंद पडद्याच्या, २.३९ प्रमाणाच्या चित्रपटात पट्ट्या घालवायच्या नादात डावी-उजवीकडचं मिळून पाव चित्र कापलं जातं आणि कडेला उभं असलेलं पात्र गायब होतं.

आवाजाचं कारण वेगळं. ५.१ मिश्रणात, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक वेगळा स्पीकर धरून केलेल्या आवाजात, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर. पाच दिशांचा आवाज त्यांत ओतला की संगीत आणि दणदणाट संवादांवर चढून बसतात. अॅपच्या ऑडिओ यादीत ५.१ ऐवजी स्टीरिओ मिळत असेल तर तो घ्या. नसेल तर टीव्हीतला ‘नाइट मोड’ किंवा आवाज स्पष्ट करणारा पर्याय लावा. मधला स्पीकर वेगळा असलेला साउंडबार असेल तर तेवढाच दोन-तीन डेसिबलने वाढवा.

थिएटरमध्येही असं होतं. पडदा मधोमध १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) एवढा उजळ असावा, असं डिजिटल प्रक्षेपणाचं मानक आहे. दिवा जुना झाला किंवा थ्रीडीची लेन्स साध्या खेळालाही तशीच राहिली की रात्रीचे प्रसंग चिखलासारखे दिसतात. आवाजाचं तसंच : मिश्रण थिएटरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर धरून केलेलं असतं, आणि तक्रारींमुळे थिएटरवाले तो पाच किंवा साडेचारवर आणून ठेवतात, मग कुजबूज ऐकूच येत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन मॅनेजरला सांगा, ‘आवाज वाढवा’ किंवा ‘चित्र अंधुक आहे’. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धा चित्रपट गेला. आणि वहीत थिएटरसाठी वेगळा रकाना ठेवा.

प्रश्न : दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदललं तर आधीचे गुण खोडावेत का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : खोडू नका. शेजारी नवा आकडा आणि तारीख लिहा, आणि दोन्ही वेळा कुठे पाहिला तेही : थिएटर, टीव्ही की मोबाइल. पहिल्यांदा एसटीत मोबाइलवर पाहिलेल्या चित्रपटाला अडीच आणि दुसऱ्यांदा पडद्यावर चार मिळाले असतील, तर कारण त्या रकान्यातच सापडेल.